घरची माणसं, पुसली

“वारा हाय अक्का, नुसता वारा,” असं म्हणत तो बटण दाबायचा.

भर दुपारी माझ्या ओट्यावर बसलेला. उपरणं डोक्यावरून पुढं ओढलेलं, त्याच्या आत तोंड आणि हातात फोटो बघायची ती डबी. उन्हात डबीचा पडदा दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. बघणाऱ्याला वाटावं, सर्दी झालेला माणूस वाफारा घेतोय.

तो वनखात्यात रोजंदारीवर होता. येलदरीकडच्या रानात झाडांना कॅमेरे बांधलेले. समोर काही हललं की फोटो आपोआप निघतो. आठवड्यानं हा त्यातलं कार्ड काढायचा, डबीत घालायचा आणि एकेक फोटो बघून वहीत लिहायचा. हा नंबर मोर, तो नंबर रानडुक्कर. गवत हललं तरी फोटो निघतोच, त्यामुळं बहुतेक सगळा वाराच. पण तोही ठेवायचा. एकही फोटो पुसायचा नाही, असा ऑफिसचा दंडक.

आता तुम्हाला सांगते, एक कॅमेरा नेमका आमच्या सरपणाच्या वाटेवर होता. आम्ही बाया पडलेल्या वाळक्या काटक्या आणायचो, पण बंदी त्यालाही. शिवाय वाटेवर कुणी लुगडं वर खोचलेली, कुणी आडोशाला निघालेली. असा फोटो आला की हा उपरण्यातून तोंड बाहेर काढायचा, आभाळाकडं बघायचा आणि बघत बघतच तो पुसून टाकायचा.

“काय रे, काय दिसलं?”

“काय न्हाई. तुमची मोळी लय मोठी व्हती अक्का. कंबर मोडंल एखाद्या दिवशी.”

मी लाजून चहा टाकायला आत.

एवढा जपणारा माणूस, पण वहीत खोटं लिहायला त्याचा हात धजेना. तिथंच घोटाळा झाला. एका दुपारी नवे साहेब जीप घेऊन थेट माझ्या ओट्यापाशी आले. त्याच्याकडून वही मागून घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागले, “दोनशे बारा ते दोनशे वीस. घरची माणसं, पुसली. हे काय आहे?”

उपरणं खांद्यावर आलं. “चूक झाली साहेब.”

“लाकूडचोर असतील तर? ओळखतोस का त्यांना?”

“ओळखतो साहेब. म्हणून तर पुसले.”

“मग नावं सांग. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

त्याच्या घरी खाणारी पाच तोंडं. एक नाव सांगितलं असतं तर सुटला असता, आणि एक नाव तर चहा घेऊन दारातच उभं होतं. पण माझ्याकडं एकदाही बघितलं नाही बघा त्यानं. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

मग उंबरा ओलांडून मीच पुढं झाले. घाईत थोडा चहा ओट्यावर सांडला.

“साहेब, त्यातली एक मी. वाळक्या काटक्या आणत होते. मला काय दंड करायचा तो करा, ह्याला ठेवा. आणि चहा घ्या, त्याच काटक्यांवर झालाय.”

साहेब कपाकडं बघत राहिले. मग प्यायले. “साखर जास्त झालीय,” म्हणाले. जीपमध्ये बसताना त्याच्यावर खेकसले, “बायकांच्या वाटेवर कॅमेरा कुणी बांधला? पाण्यापाशी हलव तो. आणि यापुढं एक जरी फोटो पुसलास तर याद राख!”

जीप वळली तसा तो माझ्यावर चिडला. “तुमी मधी कशाला पडल्या अक्का? माझा जीव गेला की!”

“तुझा कुठला? माझा गेला. आधी तो सांडलेला चहा पूस.”

पुढच्या आठवड्यात हा धापा टाकत आला. “बोलवा समद्यांना!” पाण्यापाशीच्या कॅमेऱ्यात तरसाची मादी आली होती, दोन पिल्लांना घेऊन. ज्यांचे फोटो त्यानं पुसले होते त्या सगळ्या जमल्या. पिठाचे हात झटकून एकेक जण त्याच्या उपरण्यात डोकं घालून बघत होती, आणि हा उन्हात उघड्या डोक्यानं उभा राहून हसत होता. माझ्या हातात येईपर्यंत डबी चांगलीच गरम झाली होती.

गेल्या वर्षी कॅमेरे काढून नेले, कामही संपलं. तो पिंगळीला लेकीकडं राहायला गेला. नातवंडांत रमलाय म्हणतात. रमू दे.

परवा आम्ही त्याच वाटेनं निघालो होतो. पूर्वी कॅमेरा बांधलेल्या त्या झाडापाशी आलो आणि सवयीनं सगळ्या थबकल्या.

“चला की बायांनो,” शेजारीण म्हणाली, “आता कोण बघायलंय?”

मी तरी पदर सारखा केला, आणि मगच पुढं गेले.