मावशीसकट घेतलेलं घर

ओळंबा हा गवंडी. भिंत सरळ आहे का बघायच्या वजनाच्या दोरीसारखा सरळ चालायचा, सरळ बोलायचा, म्हणून पडलेलं नाव. जन्म गेला लोकांच्या भिंती उभ्या करण्यात. म्हातारपणी भाड्यावर बसून खाता यावं म्हणून बायकोच्या सांगण्यावरून त्यानं एक जुनं दुमजली घर घेतलं. वर शिवणकाम करणारी मावशी भाड्यानं राहायची. घर स्वस्त पडलं ते तिच्यासकट घेतलं म्हणूनच.

पहिल्याच आठवड्यात त्यानं रस्त्यावरून मान वर केली. गॅलरीच्या पोटाला लांब चीर, आत सळई गंजून फुगलेली. खाली सावलीला शाळेची पोरं गाडीची वाट बघत दंगा घालत होती. ओळंबा तिकडं धावला. पोरांना हाकललं, बांबूचे टेकू दिले आणि थेट वकिलीणबाईंकडे गेला.

"पडली तर कुणाच्या गळ्यात?"

"मालकाच्या. कुणी दगावलं तर तुरुंगही."

"मग उद्याच पाडतो."

"मावशींना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. घुसखोरी होते ती."

"आयला! घर माझं, गॅलरी माझी, आणि आत गेलो तर चोर?"

"कोर्टात अर्ज करू. वेळ लागेल."

"सळईला सांगा तेवढं, थांब म्हणून."

तो मावशीच्या दारात गेला. हात जोडून गॅलरी पाडू दे म्हणाला. मावशीनं तोंडातली टाचणी काढली.

"दुरुस्ती होय? मागच्या मालकानंही शेजारणीला असंच उठवलं. खोली दुरुस्त झाली, शेजारीण काही परत आली नाही. मला काय दुधखुळी समजतोस?"

"मावशी, देवाशपथ मोडायला आलीय ती."

"असं?" मावशी तरातरा गॅलरीत गेली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. "ये की मग. उभा राहून दाखव माझ्याशेजारी."

बांबूच्या परांचीवर माकडासारखा फिरणारा गडी, पण उंबऱ्यापाशी त्याचा उचललेला पाय खाली येईना.

"मावशी," तो कुजबुजला, "पाय आपटू नकोस. भिंतीला धरून ये. हळू."

मावशी हसली. मग तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि हसू तिथंच विझलं. भिंतीला चिकटत, एकेक पाऊल चाचपत ती आत आली. मशीनची कड धरून खाली बसली.

"पाड गॅलरी," म्हणाली. "पण खोलीतून मी हलायची नाही. जीव गेला तरी."

दुसऱ्या दिवशी त्यानं रस्ता अडवला, कमरेला दोर बांधला आणि छिन्नी लावली. मावशी आत मशीन चालवत राहिली, जागा सोडायला तयार नाही. दुपारपर्यंत गॅलरी उतरली. ओळंबा उंबऱ्यापाशी वाकला, हातानं माती झाडली.

गंज गॅलरीबरोबर संपला नव्हता. तीच सळई उंबऱ्याखालून आत गेली होती, लादीखालून, सरळ मावशीच्या मशीनच्या दिशेनं. आतलं सिमेंट बोट लावताच भुसभुशीत होऊन गळालं.

"झालं ना रे?" मावशीनं पायडल मारता मारता विचारलं.

लादी थरथरत होती. "मावशी," ओळंबा कुजबुजला, "पाय थांबव."