शबानाभाभीला पाठवलेली साडी

एसटी सुटायला पाच मिनिटं राहिली होती आणि माझ्या मायचा पत्ता नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदाच पुण्याला निघाले होते. पिंपळगाव राजाच्या स्टँडवर सगळी आळी जमलेली, नवरा घड्याळ बघतोय, आणि माय शेजारच्या हसीनाखालाला आंघोळ घालत बसलेली! शेवटी आली ती ओल्या पदरानं, धापा टाकत. हातांना साबणाचा वास. मी फणकारले. तर म्हणते, "खालाले अर्ध्या आंघोळीत कशी सोडू वं? साबन होता आंगाले."

पार खामगाव येईपर्यंत मी रुसून बसले होते.

हसीनाखाला गावात बांगड्या भरायची. लकव्यानं तिचं एक अंग गेलं, मुलगा कामाला सुरतेत. आमची भिंतीला भिंत. माय सकाळी चुलीवरचं पहिलं पाणी खालासाठी काढायची, देवपूजा नंतर. देव पारोसे बसलेत म्हणून बाबा कुरकुरले की तिचं उत्तर ठरलेलं, "देवाले थंडं पानी चालते. खालाले नाही चालत." मला वाटायचं, ही देवाला चक्क गंडवते आहे.

पुण्यात मी सगळं रीतसर केलं. फ्लॅट, विमा कंपनीत नोकरी, सागवानी देवघर, पूजा वेळच्या वेळी. 'मले-तुले'ला ऑफिसात हसायचे, ते महिन्याभरात सोडलं. बाबा गेल्यावर मायला किती बोलावलं, पण ती गाव सोडेना. आणि मग तीच अंथरुणाला खिळली. मी दोन दिवसांची रजा काढून जायचे, फळं ठेवून परत यायचे. तिला रोज न्हाऊ घातलं ते शबानाभाभीनं, खालाच्या सुनेनं. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर ओतून बघायचं, हे खाला होती तेव्हा मायनंच तिला शिकवलेलं. माय गेली तेव्हाही तिच्या केसांना तेल होतं, वेणी घातलेली होती. ती वेणी मी घातली नव्हती.

तेरावं आटोपून पुण्याला आले आणि शहाणपणा केला. लक्ष्मी रोडवरून भारी साडी घेतली, 'थँक्यू सो मच भाभी' अशी चिठ्ठी घालून कुरिअर केली. आठवड्यात पार्सल परत! मागोमाग फोन, "आपल्या मानसाले कोनी थँक्यू म्हनते का वं? ते माही बी मायच होती. तू मले कामाची बाई समजली का?"

मीही चिडले. म्हटलं, गेली उडत. वर्षभर बोलणं बंद, गावचं घर बंद. आणि खरं सांगते, देवघरासमोर हात जोडले जायचे, पण आत काही हलायचं नाही. मायचं आपल्या हातून काही झालं नाही, एवढंच डोळ्यांसमोर यायचं.

यंदा आमच्या बिल्डिंगमधल्या मालतीकाकू पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगी अमेरिकेत, आणि त्यांचं करायला लावलेली बाई एका सकाळी आलीच नाही. मी सहज डोकावले तर काकू ओल्या अंथरुणात, लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी काही ठरवलं नाही. गिझर लावला, त्यांना धरून न्हाणीत स्टुलावर बसवलं, पाणी कोपरावर ओतून बघितलं आणि तोंडातून निघालं, "सोसते का वं माय?"

काकू अस्सल पुणेरी, एरवी माझे 'न' आणि 'ण' सुधारणाऱ्या. त्या दिवशी मात्र ओला हात माझ्या डोक्यावर ठेवून बसून राहिल्या, आणि मला हुंदका फुटला. वर्षभर ज्याला हाका मारत होते, तो तिथं होता, त्या न्हाणीत. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू? न्हाऊ मी घालत होते आणि माया माझ्यावर होत होती. माय देवाला गंडवत नव्हती हो. ती रोज सकाळी त्याला भेटून येत होती.

बाई परत आली तरी मी जातच राहिले. महिन्याभरानं दारात मोठं पार्सल आलं. परदेशी चॉकलेटं, सेंट, आणि काकूंच्या मुलीचं सुबक कार्ड: 'तुमच्या मदतीबद्दल शतशः आभार.' माझी कानशिलं तापली. काकू माझ्या कोण आहेत, हे हिला काय माहीत! एवढं मनात आलं मात्र, मला माझीच चिठ्ठी आठवली. शबानाभाभीला अस्संच लागलं असणार.

फोन लावला. "भाभी, चुकलं माहं."

 तिनं विचारलं, "जेवली का?"  आणि लगेच पुढे म्हणाली, "मायच्या घराची किल्ली माह्यापाशीच हाय. दर जुम्म्याले झाडून ठेवतो मी. कधी येऊन राह्यली?"

येताना काय आणू, विचारलं. "काही आनू नोको. तू आली तं बस्स."

शनिवारी निघते आहे. ऑफिसात रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. माय गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिथं लिहिलं, 'माहेरी जाते आहे.'