डोंगरमाथ्यावरची भाऊबीज

करंजघर आणि खारवाडी ही गावं एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. मधे डोंगर. अलीकडे खारवाडीत नारळी-सुपारीच्या वाड्या आणि मुरुडच्या बाजूने येणारा खारा वारा; पलीकडे करंजघरात नुसती भातखाचरं. सगुणा जन्मली करंजघरात आणि नांदायला आली खारवाडीत. लग्नानंतर सगळं वऱ्हाड डोंगर चढून पायीच आलं. वाटेत धबधब्यापाशी नवऱ्याने, मोरूने, खाली मान घालून तिला विचारलं होतं, "तहान लागली काय?" ते त्यांचं पहिलं बोलणं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी माहेरी झाली. दुसऱ्या वर्षी मात्र सगळं एकदम आलं. सासू तापाने पडलेली, सुपारी उतरवायला आलेली, त्यात म्हैस व्यालेली. भाऊबीजेला जायचं नाव कोण काढणार? सगुणा मुकाट्याने कामाला लागली. पण आदल्या दिवशी, डोंगरापलीकडे सुकी मासळी विकायला जाणारी एक बाई निरोप घेऊन आली. थोरल्या भावाचा, भागोजीचा निरोप होता : तुला येता येत नसेल तर माथ्यावरच्या कातळापर्यंत ये, मी तिथं येतो.

मोरूने ऐकलं आणि म्हणाला, "जा. म्हशीचं मी बघतो."

माथ्यावर एक मोठा सपाट कातळ आहे. तिथे उभं राहिलं की एका अंगाला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या अंगाला करंजघरची कौलं. त्या कातळावर सगुणाने भावाला ओवाळलं. वाऱ्याने निरांजन टिकेना, तेव्हा भागोजी वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि त्याने धोतराचा सोगा आडोशाला धरला. तिने नारळाच्या वड्या आणि सुके बोंबील नेले होते, त्याने नव्या भाताचे पोहे आणि हे एवढं मोठं तवसं, वेलावरची जून काकडी, आणलं होतं. दोघांनी तवसं कापून मीठ लावून खाल्लं, गावच्या चार गोष्टी केल्या, आणि दोघं दोन बाजूंनी उतरले.

मग तसा पायंडाच पडून गेला. कधी ती पोटुशी होती, कधी कडेवर लेक सुजित होता, एका वर्षी भागोजीने फडक्यात गुंडाळून आणलेल्या काचेच्या बांगड्या चढणीवर फुटल्या आणि तो लहान मुलासारखा रडवेला झाला. तरी भाऊबीज काही चुकली नाही. पुढे भागोजी रोह्याच्या कारखान्यात लागला, तरी त्या दिवशी रजा टाकून तो डोंगर चढायचा.

मग रस्ता झाला. एसटी आली, नंतर भाच्याने गाडी घेतली. आता भागोजी गाडीतून यायचा, तासभर बसायचा, भाचा अंगणात घड्याळ बघत उभा असायचा. ओवाळणं व्हायचं, चहा व्हायचा, गाडी निघायची. मोरू गेल्यावर तर सगुणाला ते घर त्या दिवशी अधिकच रिकामं वाटायचं. डोंगरावरच्या वाटेला कुणी जाईना, तिच्यावर रान माजलं.

सुजितची बायको दिपाली खारघरची. खारवाडीत आल्यावर तिने वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आणि हां हां म्हणता धंद्यात जम बसवला. दसऱ्याच्या सुमाराला तिच्याकडे पुण्याची पोरं उतरली होती. दोन दिवस ती डोंगरात फिरली आणि जाताना दिपालीच्या मोबाइलवर फोटो टाकून गेली.

"आई, हे बघा ना, कसला भारी पॉइंट आहे. आपल्याच मागे आहे म्हणे."

सगुणाने चष्मा लावून पाहिलं. फोटोत चार पोरं हात पसरून उभी होती.

"पॉइंट कसला," ती म्हणाली. "ह्यो आमचा भाऊबीजेचा कातळ हाय."

दिपालीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने सगळं विचारून घेतलं आणि संध्याकाळी परस्पर भागोजीमामांना फोन लावला. पलीकडून मामा म्हणाले, "ती येत असंल तर मी येतो. इचार तिला." सगुणा माजघरातूनच ओरडली, "मी येनार न्हाय तर कोन येनार!"

भाऊबीजेच्या सकाळी दोघी निघाल्या. दिपालीचा भाऊ निकेत रविवारी यायचा होता, म्हणून ती मोकळी होती. सगुणाने ताट, निरांजन, तेलाची बाटली, वड्या असं सगळं एका पिशवीत भरलं. पिशवी दिपालीने पाठीवर घेतली.

वाडीच्या मागच्या पाणंदीतून वाट चढायला लागली. पहिल्या टप्प्यात सगुणाला दम लागला, पण मग अंगाला लय सापडली. ऐन आणि किंजळीची झाडं तशीच उंच होती. पावसाळा संपून गेला होता तरी ओढ्याला पाणी होतं. मोरूने तहानेचं विचारलं तो धबधबा आता बारीक झाला होता, काळ्या दगडावरून नुसता ओघळत होता. सगुणा तिथे थांबली. ओंजळभर पाणी प्यायली, दुसरी ओंजळ तोंडावर मारली. तहान लागली होती तेव्हा लाजून "न्हाय" म्हटलं होतं ते तिला आठवलं आणि हसू आलं.

"काय झालं आई?"

"काय न्हाय. तुजा सासरा आठवला."

वर झाडीत खसफस झाली. तांबडं शेकरू शेपूट झुलवत या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. दिपालीने मोबाइल काढेपर्यंत ते दिसेनासं झालं होतं.

माथ्यावर पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. कातळ तोच होता. कुणीतरी त्यावर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवला होता, फटीत बिस्किटाच्या पुड्याचे कागद अडकले होते. दिपालीने ते गोळा केले. समुद्र चकाकत होता. सगुणा मात्र पलीकडच्या अंगाला तोंड करून बसली.

बराच वेळ झाला, भागोजीचा पत्ता नाही. तिने पूर्वी द्यायची तशी हाळी दिली. दरीतून तिचाच आवाज परत आला. एवढ्यात दिपालीच्या फोनला रेंज आली आणि तो वाजलाच. मामा होते.

"आमच्या अंगाच्या धबधब्याखाली बसलोय मी. पावसात दरड आली ना, वाट मोडली पुढची. गुडघं आइकत न्हाईत. तुमी परत जावा, मी गाडीनं येतो उद्या."

फोन सगुणाने घेतला. "दादा, तितंच बस. हलू नको."

"आगं पन—"

तिने फोन दिपालीच्या हातात दिला आणि पदर खोचला.

"आई, मामाच म्हणताहेत वाट नाही. तुम्ही पडलात बिडलात तर सुजित मला घरात घेणार नाही!"

"तू म्होरं हो नि हात दे. मी सावकाश येते."

ती उतरण सगुणाला नीट आठवत नव्हती. पोरवयात ती कधी खाली बघून चाललीच नव्हती. आता एकेक पाऊल टाकताना कळत होतं, आपली बाजू केवढी सोपी आणि ही केवढी उभी. कारवीची खोडं धरून, कुठे चक्क बसून घसरत दोघी उतरल्या. दरड कोसळली होती तिथे सगळी लाल माती आणि उपटलेली झाडं. दिपालीने बाजूच्या झाडीतून वळसा शोधला. चपलांत माती गेली, लुगड्याला काटे लागले. ही चढण दादाने दर वर्षी काढली, नोकरीत असतानासुद्धा, आणि एकदाही बोलला नाही.

पाण्याचा आवाज आधी आला. इकडचा धबधबा मोठा, तीन पायऱ्यांनी पडणारा. त्याच्या खालच्या कुंडाशी, दगडावर, धुवट सदरा आणि पांढरी टोपी घालून भागोजी बसला होता. बाजूला तवसं.

"तू कशाला उतारलीस?" तो रागाने म्हणाला, पण डोळे भरले होते. "वर येनं माजं काम."

"लई येळा आलास. आता गप बस."

तिथेच दगडावर तिने ताट मांडलं. दरीत वारा नव्हता, निरांजन सरळ जळलं. दिपालीने फोटो काढायला मोबाइल उचलला आणि मग नुसतीच बघत राहिली.

खाताना भागोजी दिपालीला सांगू लागला. "हिचं लगीन झालं ना, त्या वर्साची गोष्ट. बाबा मला गुरं घिऊन वर धाडायचा. म्हनायचा, कातळावर जा, सगूच्या घरातनं धूर येतोय का बघ."

सगुणाचा घास हातातच राहिला. "कवा?"

"आठवड्याला एकदा तरी. तुमचं घर वाडीच्या कडंला, बरोबर वळखू यायचं. सांजच्याला घरी आलो की बाबा इचारायचा, दिसला धूर? मी म्हनायचो, दिसला. मग त्यो जेवायचा."

"मला कंदी सांगितलं न्हाईस ते."

"सांगायचं काय त्यात? तू मला दिसायची न्हाईस. नुसता धूर."

पहिल्या वर्षी विहिरीवर पाणी भरताना सगुणाही या डोंगराकडे बघायची. आपल्याला सगळी विसरली असं वाटून एकदा तिने घागर तशीच ठेवून हुंदके दिले होते, आणि कदाचित त्याच वेळी वर दादा उभा असेल. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. फारसा न बोलणारा माणूस, लेकीला निरोप देतानाही गोठ्यात जाऊन बसला होता. तिने पदराने डोळे पुसले आणि तवशाची फोड दिपालीच्या हातावर ठेवली.

"आता चढायचं कसं?" दिपालीने वर बघत विचारलं.

"चढायचं कशाला?" सगुणा म्हणाली. "माजं म्हायेर खाली हाय."

तिघं सावकाश उतरली. भागोजी एका हाताने काठी टेकत, दुसरा हात बहिणीच्या खांद्यावर ठेवून. रान संपलं तसा कापलेल्या भाताचा वास आला. खळ्यात भागोजीची बायको बायजा भारे लावत होती. डोंगराकडून नणंद चालत येताना बघून तिने हातातला भारा टाकला.

"गाडीनं यायला काय झालं हुतं गं सटवे? ह्या वयात?"

"गाडीतनं आले की तू चहावर बोळवतेस," सगुणा म्हणाली.

बायजाने दोघींच्या पायांवर पाणी घातलं. दिपाली करंजघरात पहिल्यांदाच आली होती. तिला पाटावर बसवून नव्या तांदळाने तिची ओटी भरली. घरातल्या सगळ्या बाया तिला बघायला जमल्या. ती सुजितला फोनवर हळूच म्हणाली, "अरे, मी इथे एकदम सेलिब्रिटी आहे!"

दिपाली दुसऱ्या दिवशी एसटीने परतली, पाहुणे यायचे होते. सगुणा मात्र हटली नाही. सुजितने फोनवर विचारलं, "आई, कधी येतेस?" तर म्हणाली, "मळनी चाललीय, बघते." सकाळी ती बायजाबरोबर खळ्यात उभी राहायची, संध्याकाळी ओटीवर भागोजीच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता आईच्या, बाबाच्या, मेलेल्या बैलांच्यासुद्धा गोष्टी निघायच्या. बायजा आतून जेवायला हाका मारून थकायची.

शेवटचा भारा झोडून झाला, भात कणगीत पडलं, तेव्हा ती परतली. एसटीच्या खिडकीशी बसली होती, मांडीवर पोह्यांची पिशवी. रोह्याला गाडी बदलल्यावर शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "म्हायेरवरनं काय?"

"व्हय," सगुणा म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता ती बाई ऐकत राहिली.