वहिनीच्या डब्यांवरचे धागे

दादाचा फोन आला तेव्हा मी लकडगंजच्या घरी कणीक मळत होते. हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "कुंदा, तुझी वहिनी गेली," दादा म्हणाला. मग म्हणाला, "येताना दूध घेऊन येजो. लोकं येतीन, चहा लागन." माझ्या मुलीला ते ऐकून कसंतरीच झालं. मामा असं कसं बोलू शकतात, असं ती दिवसभर म्हणत होती. मला काही वाटलं नाही. त्या घरात बातमी चांगली येवो की वाईट, आधी दूध आहे का ते बघायची वहिनीची रीत होती आणि इतक्या वर्षांत ती दादाच्याही अंगवळणी पडली होती. मी हात धुतले, कोपऱ्यावरून दुधाच्या पिशव्या घेतल्या आणि प्रताप नगरला निघाले.

कमलवहिनी उमरेडची, विणकराची मुलगी. तिच्या वडिलांच्या घरी माग होता, आणि घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांचे हात सुतात असायचे. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा दादा सरकारी कचेरीत कारकून होता आणि मी कॉलेजात होते. आल्या आल्या तिने एक पराक्रम केला. मागावर चढवण्याआधी सुताला भाताच्या पेजेची खळ द्यायची, हे तिच्या माहेरी रोजचं काम. सुती कापड दिसलं की हात आपोआप खळीकडे जायचा. तिने आमच्या घरातलं सगळं सुती कापड धुऊन, खळ देऊन वाळत घातलं... त्यात दादाच्या बनियनसुद्धा. दादा नवा नवरा, बोलणार कसा? भर मे महिन्यात तो ती पापडासारखी कडक बनियन घालून कचेरीत गेला आणि संध्याकाळी काखा सोलवटून घरी आला. आई हसून हसून खाली बसली. वहिनीला मात्र हसण्यासारखं काय झालं ते कळेना. "सुताचं होतं, म्हून देल्ली," एवढंच ती म्हणाली.

तर अशी ती होती. कामाची रीत एकदा हातात बसली की बसली. मी तशी घरगुती युक्त्या-बिक्त्या पाळणारी बाई नाही. वर्तमानपत्रात 'संसार सोपा करा' छापाचं काही आलं की मी पान उलटते. पण वहिनीच्या घरी पान उलटून सुटका नसे. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला, माठाभोवती ओलं तरट, डास झाले की संत्र्याच्या वाळक्या सालींचा धूर. उन्हाळ्यात दादा बाहेर निघाला की शर्टाच्या खिशात कांदा. कचेरीतली माणसं त्याला म्हणत, "साहेब, आज भाजी कोणती?" तो बिचारा ऐकून घ्यायचा, पण कांदा काढून ठेवायची त्याची छाती नव्हती. सुई तर तिने कधी रिकामी ठेवली नाही. काम झालं की पुढचा दोरा ओवून मगच सुई गादीत खोचायची. "घाईत माणसाले दोरा ओवता येत नाही वं," ती म्हणायची. "आज आपल्याजवळ वेळ आहे त उद्याच्या घाईचं काम करून ठेवा." तिच्या सगळ्या सवयींच्या मुळाशी हे एवढंच होतं. मला त्याचा कंटाळा यायचा, आणि मी तो लपवतही नसे.

दादा निवृत्त झाला आणि काही वर्षांनी त्याची नजर जायला लागली. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. औषधं टाकूनही ती उतरतच गेली. समोरचं धुरकट दिसायचं, कडेचं दिसायचंच नाही. हे त्या दोघांशिवाय फक्त मला माहीत होतं. मुलाला, निखिलला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. तो बंगळुरूला, उंच इमारतीत, वरच्या कुठल्यातरी मजल्यावर राहतो. मुलगा चांगला आहे, सून श्वेताही चांगली आहे, आणि हीच खरी अडचण होती. कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन दादाला उचलून नेलं असतं. दादा एकदा तिकडे राहून आला होता. लिफ्टचं बटण सापडायचं नाही, दार कोणतं आणि काच कोणती कळायचं नाही, म्हणून दिवसभर सोफ्यावर बसून राहायचा. प्रताप नगरच्या घरातली भिंत न् भिंत त्याच्या हाताला ठाऊक होती. गल्लीतला किराणावाला त्याला आवाजावरून ओळखायचा आणि तो किराणावाल्याला. "तिथं मले कशाची कमी नाही," तो मला म्हणाला होता. "पण तिथं मी पाहुणा म्हणून मरीन वं, कुंदा."

मग वहिनीचंच हृदय थकलं. जिना चढली की बसावं लागायचं, पायांवर सूज. आपण आधी जाणार हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं असावं, पण त्यावर ती रडत-बिडत बसली नाही. तिच्यापुढे प्रश्न एकच होता. ज्या माणसाने जन्मात कधी स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नाही, ज्याला आता दिसतही नाही, तो आपल्यामागे या घरात राहणार कसा? तिने उमरेडहून आणलेली सुताची लड काढली आणि डब्यांच्या गळ्यात धागे बांधले. चहापत्तीच्या डब्याला एक गाठ, साखरेला दोन, मिठाला नुसता धागा, मोजायची गाठ नाही. डाळींची गाठ जाड, तांदळाची लांब. गाठी विणकराच्या, बारीक आणि घट्ट, न सुटणाऱ्या. "मागावर धागा तुटला की आमचे बाबा मान खाली घालत नव्हते," तिने मला सांगितलं. "बोटं जाऊन टोक पकडत. डोळ्याचं काय, अंधार पडला की तो कामाचा नाही. बोटाले अंधार कळत नाही."

रोज दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि दादाला डोळे मिटायला लावायची. जे थोडं दिसत होतं तेही दिसू द्यायचं नाही. मग हुकूम सुटायचे. साखर काढा. गॅस लावा. दूध वर आलं की वास येते, वास घ्या. सत्तरीतला माझा भाऊ डोळे मिटून ओट्यावर चाचपडायचा आणि ही धाप लागलेली बाई खुर्चीतून त्याच्या चुका काढायची. मला ते बघवेना. शेवटी एक दिवस मी बोललेच, "वहिनी, तुम्हाला आराम सांगितला आहे. त्याचीही काय दशा करून राहिल्या तुम्ही? एखादी बाई ठेवा नं स्वयंपाकाला." ती शांतपणे म्हणाली, "बाई ठेवू. पण बाई एक दिवस येत नाही, तवा काय करतीन हे? मी आहो तोवर चुकले त हासता येते वं. मंग चुकले त कोण हासन?" तेवढ्यात दादाने भातात जिऱ्याऐवजी ओवा टाकला आणि ती खरोखरच हसली, धाप लागेपर्यंत.

तेरवी होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे दादाला ओट्याजवळ कोणी फिरकूच दिलं नाही. पाहुणे गेले. निखिल, श्वेता आणि मी उरलो. श्वेताने विचार केला, बाबांसाठी घर लावून देऊ. वर्षानुवर्षांचे ते चेपलेले डबे, त्यावर हळदीने पिवळे आणि तेलाने चिकट झालेले धागे... नव्या माणसाला ती घाणच दिसणार. ती बाजारात जाऊन सारख्या मापाचे छान पारदर्शक डबे घेऊन आली, सगळं सामान त्यात भरलं, उंचीप्रमाणे, ओळीने लावलं आणि प्रत्येकावर मोठ्या ठळक अक्षरांत नावाची चिठ्ठी चिकटवली. मोठी अक्षरं, बाबांना सोपं जावं म्हणून. जुने डबे धुऊन माळ्यावर आणि धागे कचऱ्यात. मी त्या दुपारी घरी गेले होते. असते तरी तिच्या लक्षात आणून दिलं असतं की नाही, सांगता येत नाही, कारण त्यासाठी सगळंच सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा दादा सगळ्यांसाठी चहा करत होता. आईशिवाय बाबा निभावतात हे पोरांना दाखवायची त्याला घाई होती. गॅस बरोबर लावला, पातेलं बरोबर ठेवलं. मग हात फळीवर गेला आणि थांबला. बोटं एका डब्यावरून दुसऱ्यावर गेली, सगळे गुळगुळीत, सगळे एकसारखे. मागे मुलगा उभा, म्हणून झाकण काढून वास घ्यायचीही त्याला लाज वाटली असावी. अंदाजाने एक डबा ओढला, चमचा भरून आधणात टाकला, ओट्यावर वाटीत काढलेली साखर टाकली, दूध टाकलं, आणि गाळून कप पुढे केले. निखिलने घोट घेतला. मग कपात पाहिलं. मग गाळणीत पाहिलं. मोहरी होती. कोणीच हसलं नाही.

त्यानंतर सगळं बाहेर आलं. "बाबा, किती दिवसांपासून दिसत नाही तुम्हाला? मले सांगितलं काहून नाही? आत्याला माहीत, आणि मी मुलगा असून मले माहीत नाही?" निखिल चिडला होता, आणि त्याचं चिडणं बरोबरच होतं. श्वेता त्या चिठ्ठ्यांकडे बघून रडायला लागली. निखिलने फोन काढला आणि दादाचं तिकीट बघायला लागला. मला वाटलं, संपलं. वहिनीने वर्षभर धापा टाकत बांधलेलं सगळं एका सकाळीत उसवलं गेलं. दादा कपाळाला हात लावून बसला होता. मग म्हणाला, "तिकीट काढ बाप्पा, मी नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी काढ. तोवर माह्या स्वयंपाकघरात कोणी यायचं नाही. कुंदा, कपाटातून सुताची लड दे."

मी लड दिली आणि वहिनी बसायची त्याच खुर्चीत दारात बसले. दादाने मला तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. त्याने एकेक डबा काढला, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, बोटांत दाणा फिरवला. मग धागा बांधला. पहिली गाठ ढिली पडली, त्याने सोडली आणि पुन्हा मारली. तिखट चाखून ठसका लागला, मी उठले तर हाताने बसवलं. चिठ्ठ्या मात्र त्याने काढल्या नाहीत. "राहू दे, पोरीनं मन लावून लिहिल्या," म्हणाला. त्याच्या गाठी वहिनीच्या इतक्या बारीक नव्हत्या, पण सुटणाऱ्याही नव्हत्या. मी तिथे बसून रडले, आवाज न करता, कारण बोलायची मनाई होती. संध्याकाळी त्याने मुगाच्या डाळीची खिचडी केली, वर लसणाची फोडणी दिली, आणि त्यानंतर चहा. निखिल चहा पूर्ण प्याला आणि कप खाली ठेवला. मग म्हणाला, "रोज सकाळी आणि रात्री फोन उचलायचा. एक दिवस उचलला नाही, तर मी येऊन घेऊन जाईन." दादा म्हणाला, "हाव."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कामाला बाई येते, आली नाही तर दादाचं अडत नाही. मी दर रविवारी जाते. गेल्या रविवारी मी चहाचे कप ठेवायला फळीशी गेले, तर कोपऱ्यात, श्वेताच्या नजरेतून सुटलेली, स्टीलची एक चपटी डबी दिसली. भाजलेल्या जवसाची. वहिनीला जेवणानंतर जवस लागायचा, त्यात थोडं मीठ. दादा तो खात नाही, दाणे कवळीत अडकतात. वहिनीने घरातल्या प्रत्येक डब्याला धागा बांधला होता, फक्त या डबीला नव्हता, कारण ती तिची एकटीची होती आणि दादाला कधी लागणार नव्हती. आता त्या डबीच्या गळ्यात धागा होता. गाठीवर गाठ बसलेली, जरा ओबडधोबड.

"दादा, जवस खायला लागला काय तू?" मी विचारलं.

"खात नाही वं," तो कप पुसत म्हणाला. "पण कुठं आहे ते मालूम पाहिजे नं."