बुटीची शिटी

लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मनातलं नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही. पण काल वर्ध्याच्या बाजारात ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला आणि सिंदीची ती संध्याकाळ पुन्हा समोर उभी राहिली.

सिंदीला मावशीकडे बुटी नावाचं गिनीपिग होतं. मावसाजी तिच्यासाठी रोज सांबार आणत. गल्लीत त्यांची पावलं वाजली की बुटी लांब शिटी मारायची. आमच्यापैकी कोणी आलं की अंग ताठ करून गप्प बसायची. मग मावसाजी भांडून घर सोडून गेले आणि ती शिटी बंद झाली.

त्या संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती. अचानक बुटी जाळीला पाय टेकून उभी राहिली आणि शिट्ट्या मारू लागली. मावशी पिठाच्या हातांनी दाराकडे धावली. गल्ली रिकामी होती.

"आई, भूक लागली असन तिले," मावशीची मुलगी राणीताई म्हणाली.

"भुकेनं अशी नाई ओरडत ते. मले समजते."

"तुले आता जनावराची बोलीबी समजाले लागली का?"

मावशी अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. मला वाटलं, बुटीला आणि मावशीला, दोघींनाही भास झाला.

मागच्या महिन्यात मावसाजी नागपुरात वारले. त्यांच्या खोलीतल्या सोबत्यानं फोनवर सांगितलं, ते एकदा सिंदीला आले होते. मावशीला उंबऱ्यावर बसलेलं त्यांनी भिंतीआडून पाहिलं. पुढे यायची हिंमत झाली नाही.