हायड्रोजन पिणारी राख

हे ऐकल्यावर माझ्याबद्दल तुमच्या मनात जो काही थोडाफार आदर असेल, तो आज संपणार. संपू दे! फजितीच अशी झकास झाली की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी हायड्रोजन साठवण्यावर संशोधन करतो. म्हणजे असं बघा, हायड्रोजनवर गाडी चालते, धूर नाही, मागून नुसतं पाणी येतं. मग घोडं कुठं अडलंय? हा वायू इतका हलका की टाकीत मावायला तयार नाही, फार मोठ्या दाबानं कोंबावा लागतो. म्हणून आम्ही अशी पूड शोधतो, जिच्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात आणि त्या भोकांत हायड्रोजन जाऊन बसतो. कोळशाची पूड त्यातलीच. भाताचा तूस, नारळाच्या करवंट्या, काय काय जाळून पाहिलं मी! बायको लाटणं लपवून ठेवायची.

मोजायची रीत सोपी. पूड स्टीलच्या भांड्यात घालायची, झाकण घट्ट आवळायचं, आत हायड्रोजन सोडायचा आणि दाबाच्या आकड्याकडे बघत बसायचं. दाब खाली आला की समजायचं, पुडीनं वायू प्यायला. जितका खाली, तितकी पूड भारी.

तर मे महिन्यात मी वैशाखरे या गावी गेलो, मावसभावाकडे. बाळूदादा त्याचं नाव. त्यानं नुकताच राब भाजला होता. मी शहापूरच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस, राब म्हणजे उन्हाळ्यात डोंगराकडे दिसणारा धूर एवढंच माझं शेतीचं ज्ञान. दादानं समजावलं. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा अंथरायचा, वर माती पसरायची आणि पेटवायचं. मग ते हळूहळू धुमसत राहतं. तिथंच राखेत बियाणं पेरायचं.

वर माती? आत धुमसणं? म्हणजे हवा कमी, म्हणजे राख न होता कोळसा! अहो, आमच्या लॅबमध्ये हेच करायला केवढी मोठी भट्टी लागते! मी तिथंच उकिडवा बसलो आणि राखेतले काळे तुकडे वेचायला लागलो.

"काय हरवलं काय रे तुझं?" दादा म्हणाला.

"कोळसा पाहिजे. यात हायड्रोजन भरून बघतो."

"ने की. पोतंभर ने!"

पिशवीभर नेला. धुतला, वाळवला, कुटला, भांड्यात घातला आणि आकड्यापुढे बसलो. काय सांगू? दाब सरसर खाली! तुसानं जेवढा प्यायला, त्याच्या कितीतरी जास्त. माझ्या अंगावर काटा आला. मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना दाखवलं.

"फारच चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून परत कर."

परत केलं. दाब आणखी खाली! आता मला रात्रंदिवस एकच प्रश्न. त्या राबात असा कुठला पाला होता?

शनिवारी पहिली एसटी पकडून वैशाखऱ्याला. ओटीवर माणसं जमली. मी विचारलं, राबात पाला कुठला होता?

"ऐनाचा," दादा म्हणाला.

"किंजळीचाबी होता," वहिनी म्हणाली. "नि घराम्हागचा पळस कोनी तोडला?"

तेवढ्यात शेजारचे पांडूआबा पुढे सरसावले. "पाल्याचा काय लावलाय? शेन कोनाचा? माझ्या म्हशीचा! बाळूनं माझ्याकडनंच नेलाय. त्यो गॅस माझी म्हस पिते!"

मी तेही गंभीरपणे ऐकून घेतलं. तुम्ही हसताय, पण शास्त्रज्ञानं कुठलीही शक्यता नाकारायची नसते. मी आबांच्या गोठ्यात जाऊन शेणाचा नमुना घेतला. म्हशीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला अजून आठवते.

आणि मग मी तो शहाणपणा केला. दादाला म्हटलं, "ही राख कुणाला हलवू देऊ नकोस. मी सांगेपर्यंत इथं पेरूही नकोस. कदाचित जगात कुठंच नसेल अशी राख आहे ही!"

दादाचा चेहरा उजळला. वहिनीचा नाही.

"भाऊजी, पेरायचा नाय म्हंजे? रोप नाय झाला तं लावनार काय आमी? तुमचा गॅस?"

"थोडेच दिवस, वहिनी."

"पाऊस काय तुमची वाट बघनार हाय?"

पण पांडूआबांनी त्याच संध्याकाळी राबाभोवती काट्यांची कूड, म्हणजे कुंपण, घातली. वैशाखऱ्याची राख आता गाड्या चालवणार, ही बातमी टोकावड्याच्या ढाब्यापर्यंत गेली. पुढच्या आठवड्यात दादानं ओळखीच्या ड्रायव्हरकडे एसटीतून मोजायला कोळशाचं पोतं पाठवलं. ते मी मोजलं. पहिल्याहूनही भारी निघालं!

मी हवेत. मोठ्या परिषदेत निबंध वाचायची स्वप्नं पडायला लागली. मॅडम मात्र म्हणाल्या, "माझ्यासमोर एकदा कर."

त्यांच्यासमोर केलं. उत्साहाच्या भरात मी सगळं भराभर करत होतो. झाकण आवळलं, हायड्रोजन सोडला. दाब खाली, खाली, आणखी खाली! आतापर्यंतचा विक्रम!

"बघा मॅडम!"

मॅडम दाबाकडे बघतच नव्हत्या. टेबलाकडे बघत होत्या.

"त्या डबीत काय आहे?"

"आपली पूड."

"मग भांड्यात काय आहे?"

मी डबीकडे पाहिलं. भांड्याकडे पाहिलं. घाईत पूड आत घालायचीच राहिली होती! अहो, रिकामं भांडं हायड्रोजन पीत होतं, आणि सगळ्यात जास्त पीत होतं!

कारण? झाकणाखालचा वायसर. तो झिजला होता आणि वायू हळूहळू बाहेर जात होता. गळती एवढी बारीक की धोक्याचा अलार्मही वाजला नाही. दर वेळी मी झाकण उघडून पुन्हा आवळत होतो, तसतसा तो आणखी कामातून जात होता. म्हणून दर वेळी निकाल आणखी चांगला! माझी राख काही पीत नव्हती. मी इतके दिवस भोक मोजत होतो.

लाजेनं मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्याच क्षणी आठवला दादाचा राब. पाऊस सुरू झाला होता आणि माझ्या सांगण्यावरून त्यानं पेरलंच नव्हतं! रोप नाही तर लावणी नाही, लावणी नाही तर वर्षभर घरात भात नाही.

तसाच निघालो. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना लोकांची रोपं पोपटी दिसत होती. प्रत्येक हिरवा तुकडा मला शिव्या घालत होता. वैशाखऱ्याला उतरलो आणि घराकडे न जाता धावत राबावर गेलो.

कुंपणाच्या आत वीतभर रोप! दाट, हिरवंगार. मी मटकन बांधावर बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी गेल्यावं पेरला ना मी," मागून वहिनी म्हणाली. "आबांची कूड जाम कामाला आली हां. एक कोंबडी शिरली नाय."

"अहो वहिनी, मग ते पोतं? त्यात काय पाठवलंत?"

"चुलीतला कोळसा. राबात तं पेरला व्हता. ह्यांच्यानं तुमाला नाय म्हनवत नाय. मीच भरला."

दादा मान खाली घालून हसत होता.

ओटीवर बसून मी सगळं कबूल केलं. वायसर, गळती, रिकामं भांडं, सगळं. दादाला एवढंच कळेना, "पन रिकाम्यानं सगल्यात जास्त पिला? कसा काय रे?" पांडूआबा माझ्यावर नाराज झाले, त्यांच्या म्हशीचं नाव गेलं म्हणून. वहिनी आत गेली.

चहा घेऊन आली. दादाला भरलेला कप दिला, आबांना भरलेला कप दिला. माझ्यापुढे ठेवला तो रिकामा, स्वच्छ पुसलेला.

"घ्या भाऊजी. तुमच्या मापानं यातलाच जास्त निघंल."

काय करणार? मी कप उचलला आणि मुकाट्यानं तोंडाला लावला.