गेटासमोरचा भूगोल

गेटवाल्या सरांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. असा माणूस आंदोलन करील, हे नांदेडच्या आमच्या कॉलेजात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ते मुखेडकडचे. तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचे. पोरं कमी म्हणून संस्थेनं भूगोल बंद करायचं ठरवलं, वर्गाला कुलूप लागलं. पोरं म्हणाली, "सर, घोषणा देऊ." सर म्हणाले, "घोषणेनं घसा बसतो बाबांनो. आपण तास घेऊ." आणि गेटासमोर, कडुलिंबाखाली, सतरंजी टाकून तास सुरू झाला. फळा नव्हता. सरांनी प्रत्येकाला आपल्या शेतातली मूठभर माती आणायला लावली. भोकरची, मुखेडची माती पेपरावर मांडून ते बोलायचे आणि पोरं सरकत सरकत पुढं यायची. शेजारचा रसवंतीवाला चरकाची घुंगरं वाजू नयेत म्हणून हातानं धरून ऐकत उभा राहायचा.

"लेक्चरला कुणी भेत असतंय का सर?" शिपायानं चिडवलं.

"भ्यायलेत की. न्हाईतर कुलूप कशाला लावलं असतं?"

भ्यालेच होते. प्राचार्यांनी मला बोलावलं. मी कायम नोकरीतला प्राध्यापक, पर्यावरणाचा सक्तीचा पेपर माझ्याकडं. "त्याच वेळेला तुमचा तास लावा. येणार नाही त्याचे अंतर्गत गुण कापा." माझी बढती त्यांच्या हातात होती. मी बरं म्हणालो. हे कधी कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही.

वर्गाच्या खिडकीतून लिंब दिसायचा. एकेक पोरगं उठून आत येत होतं. एक मुलगी सगळ्यांच्या मागून आली, दारातच थांबली. म्हणाली, "मी उठत नव्हते. सरच म्हणले, जा माय, तुझे मार्क जातील." खाली सर एकटेच मातीच्या पुड्या बांधत होते. दुसऱ्या दिवशी सतरंजी पडली नाही.

परवा लातूरच्या स्टँडवर भेटले. कुठल्याशा क्लासच्या होस्टेलवर देखरेखीला असतात. फार वाळलेत. मी एकदाचं सगळं बोलून टाकलं.

"माहीत होतं मला," सर म्हणाले. "तुम्हालाबी लेकरंबाळं हायती." मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बरं, त्या दिवशी शिकवलं काय पोरांना?"

खोटं बोलता आलं असतं.

"काहीच नाही. हजेरी घेतली आणि सोडून दिलं."

सर चाकूरच्या गाडीकडं बघत राहिले.

"मग पोरं माझ्याकडंच ऱ्हाऊ द्यायची होती की," ते म्हणाले.